दोन धड्यांच्या मधला खेळ

परीक्षा जवळ आली की विद्यार्थ्याच्या दिनक्रमात एक तडजोड कोणाच्याही लेखी हुकुमावाचून रूढ होते : तासभर पुस्तक, दहा मिनिटे मोबाइलवरचा खेळ, आणि पुन्हा पुस्तक. कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांतून, शाहूपुरीतून आणि शिवाजी विद्यापीठाच्या आसपास ज्या अभ्यासिका निघाल्या आहेत, आणि ज्यांत राधानगरी, भुदरगड, गडहिंग्लज, शाहूवाडी अशा तालुक्यांतून आलेली मुलेमुली दरमहा शुल्क भरून एका खुर्चीची व एका दिव्याची जणू सनदच मिळवितात, त्यांच्या जिन्यावर किंवा बाहेरच्या कट्ट्यावर कोणत्याही प्रहरी पाहिले तरी दोनचार जण मान खाली घालून अंगठे चालवीत उभे असलेले दिसतात. वडीलधाऱ्यांच्या लेखी हा शुद्ध चुकारपणा आहे, तर त्या मुलांच्या लेखी ती श्रमांती मिळविलेली हक्काची विश्रांती आहे. मी स्वतः त्या मुलांच्याच वर्गात मोडत असल्यामुळे या वादात साक्ष देण्याचा मला थोडासा अधिकार पोहोचतो. मात्र माझी साक्ष दोन्ही पक्षांना रुचेल असे वाटत नाही, कारण त्या दहा मिनिटांत खेळणे हा अपराध आहे असे मी मानीत नाही आणि ती विश्रांती आहे असेही मानीत नाही.

करवीर नगरीला तर खेळाची निंदा करणे मुळीच शोभणार नाही. ज्या शाहू छत्रपतींनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, आणि पुढे जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेले अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहांची मालिका उभी करून खेड्यापाड्यांतल्या पोरांना शहरात अभ्यासाला बसविले, त्यांनीच खासबागेचे ते विशाल वर्तुळाकार कुस्तीमैदान बांधविले. १९०२ साली विलायतेच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे जुनी माणसे सांगतात. पाटीला आणि लंगोटाला एकाच दरबाराचा आश्रय मिळाल्यामुळे येथे अभ्यास व खेळ यांचे वैर कधी माजले नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे मुळात तालमींची असली तरी आज ती उच्चारताच कोल्हापुरी माणसाला फुटबॉल आठवतो, आणि शाहू स्टेडियमवर पेठापेठांतली ईर्षा जुंपली म्हणजे परीक्षेच्या ऐन मोसमातही गॅलरी ओस पडत नाही.

पण याच तालमींत एक गोष्ट अशी पाळली जाते, की जिच्याकडे आम्हा अभ्यासिकेतल्या मंडळींचे लक्ष जात नाही. पैलवान पहाटे उठतो, जोर-बैठका मारतो, हौद्यातल्या लाल मातीत लढती करतो; मग आंघोळ, थंडाई, दूध, जेवण असा खुराक होतो, आणि त्यानंतर तो निजतो. दिवस कलल्यावर पुन्हा मेहनत सुरू होते. या दोन मेहनतींच्या मधली जी झोप, तिला तालमीत आळस समजत नाहीत. वस्तादाच्या दृष्टीने ती मेहनतीइतकीच सक्तीची असते, कारण शरीर बांधले जाते ते त्या वेळी. पहिला हिंदकेसरी होण्याचा मान १९५९ साली ज्यांनी मिळविला त्या श्रीपती खंचनाळे यांच्यापासून येथे घडलेल्या साऱ्या मल्लपरंपरेत, सकाळच्या लढतीचा शीण घालविण्यासाठी दुपारी कबड्डी खेळावी असा सल्ला कोणा वस्तादाने दिल्याचे ऐकिवात नाही. बुद्धीची मेहनत करणाऱ्याला मात्र आम्ही बुद्धीचीच दुसरी लढत देतो, आणि तिला विसावा म्हणतो.

व्हिडिओ गेम ही लढतच आहे की काय, असे कोणी विचारील. पूर्वीच्या आणि आताच्या खेळांत पुष्कळ फरक पडला आहे, आणि तो फरक चित्रांच्या सफाईपेक्षा जमाखर्चाच्या रीतीतून अधिक पडला आहे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाणे इष्ट होईल.

या करमणुकीचा जन्म प्रयोगशाळेत झाला. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने, संस्था पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून, ऑसिलोस्कोपच्या वाटोळ्या पडद्यावर टेनिसचा एक खेळ मांडला. चार वर्षांनी एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर अवकाशयुद्धाचा खेळ रचला. हे खेळ कोणी विकायला काढले नव्हते, म्हणून त्यांत कोणाला अडकवून ठेवण्याचे कारणही नव्हते. १९७२ साली अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला, तो नाणे घालून खेळावयाच्या यंत्रात. आणि येथून खेळाच्या रचनेवर गल्ल्याचा अंमल सुरू झाला. नाण्याच्या यंत्राचा मालक एका नाण्यावर जितका कमी वेळ देईल तितकी त्याची मिळकत अधिक, तेव्हा हे खेळ झपाट्याने कठीण होत जाऊन खेळाडूला लवकर बाद करीत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे गल्लीबोळांतून जी व्हिडिओ गेमची पार्लरे निघाली, त्यांत हाच कायदा चालू होता. कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ तेव्हाची मुले त्यातल्या एका पात्राच्या नावाने सरळ ‘मुस्तफा’ म्हणून ओळखत. त्या मुस्तफाच्या पायी पुष्कळांची वह्या-पेन्सिलींची चिल्लर खर्ची पडली, यात शंका नाही. परंतु खिशातली नाणी संपली की खेळ संपे, आणि मुलाला निमूटपणे घरची वाट धरावी लागे. गरिबी ही त्या काळी आत्मसंयमाचे काम परभारे करीत असे.

दुसरा प्रकार घरातल्या दूरचित्रवाणीला जोडण्याच्या खेळांचा. निन्टेन्डोचा १९८५ चा ‘सुपर मारिओ’ किंवा त्याच्या नकला ज्यांनी खेळल्या आहेत त्यांना आठवेल, की त्यात आठ जगे, प्रत्येकात चार टप्पे, असे एकंदर ३२ टप्पे असत; पडद्याच्या कोपऱ्यात वेळेचा आकडा उतरत असे; आणि शेवटी राजकन्या सुटली की खेळ खरोखरच समाप्त होई. खेळाचे पैसे कॅसेट विकत घेतानाच वसूल झालेले असल्यामुळे, तो पुरा करून मुलगा उठून गेला तरी कंपनीचे काही बुडत नव्हते. शिवाय दूरचित्रवाणी संच घरात एकच असे. सात वाजता आजोबांना मराठी बातम्या हव्या असत, आणि या अपिलावर वरचे न्यायालय नव्हते.

तिसरा प्रकार आजचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर इंटरनेटचे दर इतके उतरले, की मोबाइलवरच्या खेळाला नाण्याची वा कॅसेटची अट उरली नाही. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा ‘लुडो किंग’, किंवा देशोदेशीच्या कंपन्यांचे युद्धाचे व कोड्यांचे खेळ, हे उतरवून घ्यावयास दमडीही पडत नाही. मग कंपनीचा प्रपंच कशावर चालतो? जाहिरातींवर, आणि खेळात विकल्या जाणाऱ्या पोशाख, शस्त्रे, नाणी अशा काल्पनिक मालावर. हा माल घेणारे थोडे असतात. परंतु पुष्कळ लोक रोज हजर राहिले तरच त्यांतून ते थोडे निघतात आणि तरच जाहिरातींचा दर टिकतो. म्हणून या धंद्यात हजेरी हीच मिळकत आहे, आणि मालकाचे हित खेळ न संपण्यात आहे. नाण्याच्या यंत्राला तुम्हांला लवकर उठविणे फायद्याचे होते, मारिओला तुम्ही उठलात काय किंवा बसलात काय सारखेच होते, आणि मोबाइलवरच्या खेळाला तुम्ही उठणे हाच तोटा आहे. दर दिवशी उघडल्यास मिळणारे बक्षीस, सात दिवस अखंड आल्यास मिळणारे मोठे बक्षीस, मुदत संपण्यापूर्वी पुरी करावयाची कामगिरी, हे सारे त्या हजेरीपटाचे नियम आहेत.

या नियमांना मन इतके वश का होते, याचे उत्तर मानसशास्त्राने खेळांच्या जन्मापूर्वीच शोधून ठेवले होते. बी. एफ. स्किनर व चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कबुतरांवरील प्रयोगांची जी प्रचंड नोंद आहे तीवरून असे दिसते, की ठरावीक वेळा चोच मारल्यावर दाणा मिळत असेल तर कबुतर दाणा मिळाल्यावर थोडे थांबते. पण दाणा कधी पाचव्या चोचीला, कधी पन्नासाव्या, असा अनियमित मिळत असेल तर ते जवळजवळ न थांबता चोच मारीत राहते. १९९०च्या दशकात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामाइन स्रवणाऱ्या पेशींची नोंद घेतली, तेव्हा अनपेक्षितपणे रस मिळाला की त्या पेशी उसळतात, अपेक्षेप्रमाणे मिळाला तर शांत राहतात आणि अपेक्षित असून मिळाला नाही तर नेहमीपेक्षाही मंदावतात, असे आढळले. डोपामाइन म्हणजे सुखाचे रसायन, अशी जी समजूत वर्तमानपत्रांतून पसरली आहे ती यामुळे अपुरी ठरते. अपेक्षा आणि प्राप्ती यांतली तफावत मोजणारा तो एक हिशेबनीस आहे, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल. १९९८ साली लंडनमधील संशोधकांनी आठ माणसांना रणगाडा चालविण्याचा एक खेळ खेळावयास देऊन त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली, आणि खेळताना मेंदूत डोपामाइन स्रवते याचा प्रत्यक्ष पुरावा मिळविला.

आता या हिशेबनिसापुढे एकीकडे राज्यघटनेची कलमे आणि दुसरीकडे खेळात उघडावयाची बक्षिसाची पेटी ठेवून पाहावे. कलमे पाठ केल्याचे फळ परीक्षेच्या निकालात, म्हणजे कित्येक महिन्यांनी, आणि स्पर्धा परीक्षेच्या बाबतीत निकालच तहकूब होत राहिल्यास वर्षादीड वर्षांनी मिळावयाचे. पेटी मात्र या क्षणी उघडते, आणि तीत काय निघेल ते ठाऊक नसते. या दोघांची स्पर्धा समान पायरीवर होते असे समजून मुलाला केवळ दुर्बल मनाचा ठरविणे हा माझ्या मते अन्याय आहे.

तरीही मूळ प्रश्न दहा मिनिटांचा आहे, तेव्हा खेळाचा कालावधी पाहिला पाहिजे. आमच्या पिढीला ज्याने सर्वाधिक झपाटले तो पब्जी हा खेळ सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने बंद केला. जुलै २०२१ मध्ये तोच थोड्या फेरफाराने बीजीएमआय या नावाने परत आला, आणि त्यावर अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली. यात शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ हळूहळू आवळत जाते, आणि शेवटी उरेल तो जिंकतो. त्याचा नेहमीचा सामना अखेरपर्यंत खेळल्यास सुमारे अर्धा तास चालतो. म्हणजे दहा मिनिटांच्या सुटीत अर्ध्या तासाचा सामना बसवावयाचा, हा हिशेब मुळातच बेहिशेबी आहे. त्यातून चौघांचा चमू असेल तर मध्येच उठणे हा मित्रद्रोह ठरतो. “आई, एवढी मॅच झाली की आलोच,” हे वाक्य कोल्हापुरातल्या किती घरांत रोज रात्री ताटे वाढल्यावर उच्चारले जात असेल! मुलगा त्या वेळी खोटे बोलत नसतो. मॅच खरोखरच त्याच्या हातात नसते.

उलट प्रकारही पाहण्यासारखा आहे. ‘कँडी क्रश सागा’ या २०१२ मधील खेळात खेळाडूला पाच जीव मिळतात, आणि ते गमावले की दर अर्ध्या तासाला एक जीव भरून येतो. वरकरणी ही सक्तीची विश्रांती, किंबहुना अभ्यासाला दिलेली मुभाच वाटेल. पण त्या अर्ध्या तासात विद्यार्थी पुस्तक उघडून बसला, तरी मनाच्या एका कोपऱ्यात तो जीव भरण्याची वाट पाहत असतो. मध्यंतर आता अभ्यासाचे राहत नाही. खेळ सुरू असतो आणि अभ्यास त्याच्या मध्यंतरात येतो.

काम अर्धवट सोडले की मन त्याकडे ओढ घेते, हे बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या दोन तरुण स्त्रियांनी दाखविले. ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली असे मांडले, की अपुरी राहिलेली कामे पुऱ्या झालेल्यांपेक्षा अधिक आठवतात. पुढील वर्षी मारिया ओव्हसियांकिना यांनी असे दाखविले, की मध्येच थांबविलेले काम कोणी सांगितले नाही तरी माणूस संधी मिळताच पुन्हा हाती घेतो. यांपैकी पहिला निष्कर्ष नंतरच्या तपासणीत डळमळीत ठरला असून दुसरा बराच टिकला आहे, आणि आपल्या विषयाला दुसराच उपयोगी आहे. २००९ साली सोफी लरॉय या संशोधिकेने कचेरीतल्या कामांच्या संदर्भात असेही दाखविले, की एक काम सोडून दुसऱ्याकडे वळताना अवधानाचा काही अंश मागेच राहतो, आणि पहिले काम अपुरे असेल तर तो अधिक राहतो. हरत आलेला सामना अर्ध्यावर टाकून जो विद्यार्थी सेंद्रिय रसायनाकडे वळतो, त्याचे डोळे पानावर असतात आणि मन बेटावर असते.

आता स्मरणाकडे वळू. वाचलेली गोष्ट वाचताक्षणीच मनात पक्की होत नाही. पक्की होण्यास तिला वेळ लागतो आणि त्या वेळात नवे काही येऊन आदळले तर तिची घडी विस्कटते, हा सिद्धान्त गटिंगेनचे गेऑर्ग म्यूलर आणि आल्फोन्स पिल्त्सेकर यांनी १९०० साली मांडला. निरर्थक अक्षरांच्या जोड्या पाठ केल्यावर लगेच दुसऱ्या जोड्या पाठ करावयास लावल्यास पहिल्यांचे स्मरण कमी होते, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, २०१२ साली, एडिंबरोच्या मायकेला ड्यूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वयस्क माणसांना दोन छोट्या गोष्टी ऐकविल्या. एका गोष्टीनंतर त्यांना दहा मिनिटे अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून स्वस्थ बसू दिले. दुसरीनंतर तितकाच वेळ संगणकावर दोन चित्रांतले फरक शोधण्याचा खेळ दिला. स्वस्थ बसण्यापूर्वी ऐकलेली गोष्ट त्यांना सात दिवसांनंतरही अधिक तपशिलाने सांगता आली. पुढे इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा, विशेषतः तरुणांत, फल सर्वत्र सारखे आले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तरीही या प्रयोगातला खेळ काही रक्तपाताचा नव्हता, दोन चित्रांतले फरक शोधण्याचा निरुपद्रवी खेळ होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. वस्तादाची दुपारची झोप आणि एडिंबरोची ती अंधारी खोली यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

रात्रीच्या खेळाचे आणखी एक प्रकरण आहे. ‘टेट्रिस’ हा खेळ १९८४ साली मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रातील अलेक्सी पाजित्नोव याने रचला. वरून पडणारे तुकडे फिरवून ओळी भरावयाच्या, एवढेच त्यात असते. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी काही जणांना तीन दिवसांत मिळून सात तास तो खेळावयास लावला आणि झोप लागतेवेळी त्यांना काय दिसते ते विचारले. पुष्कळांना डोळ्यांपुढे पडणारे तुकडे दिसले. आश्चर्य असे, की मेंदूच्या इजेमुळे ज्यांची नवी स्मृती नष्ट झाली होती, आणि आपण असला खेळ खेळलो हेदेखील ज्यांना दुसऱ्या दिवशी सांगता येत नव्हते, अशांपैकीही काहींना तेच तुकडे दिसले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ सरळ आहे : निजावयास जाणारे मन दिवसाच्या रोजनाम्यातली जी पाने पुन्हा उलगडते, त्यांत आपण त्याला शेवटी काय वाचावयास दिले याला महत्त्व असते. रात्री अकरापर्यंत इतिहास आणि मग साडेबारापर्यंत लढाई, असा क्रम ठेवणाऱ्याने कोणत्या गोष्टीला मेंदूच्या दारात शेवटी उभे केले, ते त्यानेच ठरवावे.

खेळाच्या बाजूने जे बोलता येते तेही बोलले पाहिजे, नाहीतर ही साक्ष एकतर्फी ठरेल. रॉचेस्टर विद्यापीठातील शॉन ग्रीन व डॅफ्नी बॅव्हेलिअर यांनी २००३ साली दाखविले, की धावपळीचे युद्धखेळ खेळणाऱ्यांचे दृष्टीचे अवधान न खेळणाऱ्यांपेक्षा सरस असते, आणि न खेळणाऱ्यांना दहा दिवस, रोज एक तास, असा खेळ खेळविला तर तेही सुधारते. २००७ साली न्यूयॉर्कच्या शल्यचिकित्सकांची जी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सराव-परीक्षेत ३७ टक्के कमी चुका केल्या. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या आवारात शिकणाऱ्या भावी डॉक्टरांना हा दाखला आवडेल, परंतु तो घरी दाखविण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. त्या पाहणीतले शल्यचिकित्सक मोजके ३३ होते. आणि खेळामुळे हात कुशल झाला की मुळात कुशल हाताच्या माणसांना खेळ आवडला, याचा निवाडा अशा पाहणीने होत नाही. शिवाय डोळ्यांना आलेली चपळाई शरीररचनाशास्त्राची नावे आठवून देत नाही. खेळाचा लाभ बहुधा त्याच खेळाच्या जातीच्या कामाला होतो, आणि आमच्या परीक्षा अद्याप त्या जातीच्या झालेल्या नाहीत.

व्यसन हा शब्द मात्र आपल्याकडे फार सढळ हाताने वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराची नोंद केली, आणि १ जानेवारी २०२२ पासून ते अमलात आले. पण त्याची व्याख्या कडक आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणे, जीवनातील इतर गोष्टींपेक्षा त्याला वाढते प्राधान्य मिळणे, आणि हानी दिसत असूनही ते चालूच राहणे, ही तिन्ही लक्षणे साधारणतः बारा महिने टिकली आणि त्यांमुळे घर, शिक्षण वा काम यांची गंभीर हानी झाली, तरच तो विकार समजावा. अशांसाठी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून स्वतंत्र उपचारकेंद्र आहे. पैशांच्या खेळांचा मामला वेगळा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून ते निषिद्ध ठरविले आणि त्यांपासून ई-स्पोर्ट्स व साध्या करमणुकीचे खेळ वेगळे काढले, हे योग्यच झाले. परीक्षेच्या आधी महिनाभर मुलगा जास्त खेळतो म्हणून त्याला रोगी म्हणणे बरे नव्हे; कित्येकदा तो परीक्षेच्या भयापासून लपण्याची एक जागा शोधत असतो, आणि त्या वेळी मोबाइल जप्त केला तर तो भिंतीकडे पाहत बसेल, पण पुस्तक उघडील याची शाश्वती नाही.

मग करावे काय? माझी स्वतःची तजवीज फार साधी आहे. दिवसाच्या मधल्या सुट्या खेळाला देऊ नयेत. त्या पायांना, पाण्याला, चहाला, डोळे मिटण्याला द्याव्यात, आणि विद्यापीठाच्या आवारातल्या झाडांखालून एक फेरी मारता आली तर त्याहून उत्तम. खेळ असावा तो दिवसाचा अभ्यास संपल्यावर, जेवणापूर्वी, जेव्हा त्याच्यामागे कोणताही धडा उभा नसेल आणि पुढे झोप लगेच नसेल. अर्धा तास मिळणार असेल तर अर्ध्या तासाचा सामनाच घ्यावा आणि तो मनमुराद, चोरटेपणाच्या भावनेवाचून पुरा खेळावा. मधल्या सुटीत खेळल्यावाचून राहवतच नसेल, तर ज्याला शेवट आहे असाच खेळ निवडावा. पाच-पाच मिनिटांच्या घड्याळावरचा बुद्धिबळाचा डाव कितीही लांबला तरी दहा मिनिटांत आटोपतो, आणि हरल्यावर दुसरा मांडण्याचा मोह आवरणे हे बीजीएमआय अर्ध्यावर सोडण्याहून पुष्कळ सोपे असते. खेळांच्या सूचना बंद ठेवाव्यात, म्हणजे जीव भरल्याची वर्दी भूगोलाच्या नकाशावर येऊन पडणार नाही.

आईवडिलांना एकच सुचवावेसे वाटते. जेवावयास हाक मारावयाची ती सामना चालू असताना मारू नये. सुरू होण्यापूर्वी किती वेळाचा आहे ते विचारावे, आणि ताट वाढावयास तितका वेळ नसेल तर तेव्हाच नको म्हणावे. सुरुवातीला दिलेला नकार मुलाला पाळता येतो. मध्यावर दिलेला नकार म्हणजे भांडण.

आणि एक विनंती अभ्यासिका चालविणाऱ्यांना आहे. आपल्या फलकांवर वातानुकूलित दालन, अखंड वीज आणि विनामूल्य वाय-फाय यांची जाहिरात असते, आणि या सोयी खरोखरच उपयोगी आहेत. पण खुर्ची सोडून उठलेल्या विद्यार्थ्याला जिन्यावाचून दुसरी जागा नसते, म्हणून तो जिन्यावर जातो आणि जिन्यावर मोबाइलवाचून करावयास काही नसते. एखादी लहानशी खोली अशी राखावी, जीत सतरंजी अंथरलेली असेल, दिवा मंद असेल आणि वाय-फाय पोहोचत नसेल. तिच्यासाठी महिन्याला पन्नास रुपये अधिक घेतले तरी आम्ही ते देऊ.